साहेब, मुदत मिळावी

१८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेला एक तरुण मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात आपली पहिली उलटतपासणी घ्यायला उभा राहिला आणि त्याचे पाय लटपटायला लागले. डोकं गरगरलं, सगळं कोर्ट आपल्याभोवती फिरतंय असं वाटलं, विचारायचा एक प्रश्न सुचेना. तो खाली बसला. काम आणून देणाऱ्या दलालाला म्हणाला, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही, पटेल वकिलांकडे द्या. तीस रुपये फी ठरली होती, तीही परत. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले आणि हसत हसत काम उरकलं. आपली अशील जिंकली की हरली हे कळायच्या आत तरुण कोर्टाबाहेर पडला होता.

पुढे त्यानं शाळेत मास्तरकी शोधली. रोज एक तास इंग्रजी शिकवायचं, महिना पंचाहत्तर रुपये. शाळेनं विचारलं, बी.ए. आहात का? नव्हता. बॅरिस्टर चालत नव्हता, बी.ए. हवा होता. शेवटी गडी मुंबईचं बिऱ्हाड मोडून राजकोटला गेला, लोकांचे अर्ज आणि विनंत्या लिहून देऊ लागला आणि महिन्याला सरासरी तीनशे रुपये मिळवायला लागला.

मोहनदास करमचंद गांधींनी हे सगळं आत्मचरित्रात स्वतःच सांगून ठेवलंय. बारावीनंतर ‘विधी क्षेत्रातील करिअरच्या वाटा’ अशा नावाची जी व्याख्यानं मंगल कार्यालयांत होतात, तिथे येणाऱ्या पालकांना ही दोन पानं वाचून दाखवली तर चहापाण्याचा खर्च वाचेल. उभं राहून बोलायचे तीस, तेही परत करावे लागले. बसून लिहायचे तीनशे.

आपल्याकडे वकील निवडायची पद्धत नेमकी याच्या उलट आहे. घरात एखादं पोर उलट उत्तरं द्यायला लागलं की आत्या, मामा, शेजारचे काका एकमुखानं निकाल देतात, ‘ह्याला वकील करा.’ जे पोर गप्प बसून सगळं बारकाईनं वाचतं, वरण-भाताचं ताट पुढं आलं तरी आधी मीठ कुठंय ते बघतं, त्याला बँकेच्या परीक्षेला बसवतात. यात सिनेमाचाही हात आहे. ‘दामिनी’त (१९९३) सनी देओल तारखांवरून ज्या पट्टीत ओरडतो, त्या पट्टीत एखादा ज्युनिअर तालुक्याच्या कोर्टात ओरडला तर त्याला पुढची तारीख मिळेलच, पण ती त्याच्या स्वतःच्या प्रकरणात, न्यायालयाच्या अवमानाबद्दल.

तर असं हे बोलकं पोर सीईटी देतं, पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा एलएल.बी. करतं आणि सनद घेतं. सनदेचं एक बरं झालंय. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चा, त्यात नोंदणीची फी साडेसातशे. पण राज्याराज्यांच्या बार कौन्सिलांनी त्यावर इतकी पोटभाडी लावली होती की ओडिशात आकडा बेचाळीस हजारांवर गेला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कायद्यात साडेसातशे लिहिलेत, साडेसातशेच घ्या. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून सव्वाशे. आता सनद स्वस्त आणि काळा कोट महाग अशी परिस्थिती आहे. डॉ. आंबेडकर बॅरिस्टर होऊन आले तेव्हा त्यांच्याकडेही सनदेपुरते पैसे नव्हते, ते नवल भथेना या मित्रानं पुढे केले. पुढेही नुसत्या वकिलीवर भागेना, म्हणून १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत मर्कंटाइल लॉ शिकवायला जात. १९३५ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. टिळकांनी तर १८७९ मध्ये एलएल.बी. होऊन वकिली केलीच नाही, पुण्यात लॉ क्लास काढला. शिकवणीचा धंदा सदाशिव पेठेत काल-परवा सुरू झालेला नाही.

सनदेनंतर बार कौन्सिलची आणखी एक परीक्षा असते. तिला बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचं कोरं पुस्तक, सोबत नेता येतं. तरी नापास होणारे असतात. पुस्तक जवळ असणं आणि त्यातलं कलम सापडणं यातला फरक तिथं पहिल्यांदा लक्षात येतो.

मग ज्युनिअरशिप.

ज्युनिअरचा दिवस सकाळी साडेदहाला बोर्ड बघण्यापासून सुरू होतो. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी. सीनिअरची सहा कामं पाच कोर्टांत असतात आणि पाचही कोर्टं वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. लिफ्ट असते, तिच्यावर ‘फक्त न्यायाधीशांसाठी’ असं लिहिलेलं असतं. ज्युनिअर बॅग, दोन फाइली आणि सीनिअरचा डबा घेऊन जिना चढतो, पुकारा व्हायच्या आत पोचतो आणि आयुष्यातलं पहिलं वाक्य कोर्टापुढं बोलतो. पाच वर्षांत मूट कोर्टच्या तीन ढाली जिंकलेल्या त्या पोराचं ते वाक्य असं असतं : ‘साहेब, सीनिअर वरच्या कोर्टात आहेत, जरा पासओव्हर मिळावा.’ दुपारी तेच काम परत पुकारतात, तेव्हा दुसरं वाक्य : ‘साहेब, मुदत मिळावी.’ या दोन वाक्यांवर माणूस दोन वर्षं काढू शकतो आणि पुष्कळ जण काढतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढून ज्युनिअरना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच होती. सीनिअर लोकांनी ती लक्षपूर्वक वाचली आणि बॅग ज्युनिअरच्या हातात दिली.

इथं कोर्टातल्या एका शब्दाकडे बघायला हवं. समोरच्यानं अर्ज दिला की आपण त्यावर जे म्हणणं मांडायचं त्याला महाराष्ट्रातल्या कोर्टांत ‘से’ म्हणतात. ‘से दाखल करा’, ‘से आला का?’, ‘से साठी तारीख’. इंग्रजी ‘से’ म्हणजे बोलणं, एवढं पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. पण हा से बोलायचा नसतो, टाइप करून, सही करून, समोरच्या वकिलाला प्रत देऊन दाखल करायचा असतो. सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला आपण विचारायचे प्रश्न, तोही दिवाणी दाव्यात २००२ च्या दुरुस्तीपासून शपथपत्रावर लिहूनच येतो. शेवटी युक्तिवाद उरतो, तर त्यासाठीही लेखी युक्तिवादाची सोय आहे. म्हणजे तोंडानं करायचं काम उलटतपासाचं तेवढं. गांधीजींचं नेमकं तिथंच अडलं.

कोर्टात खणखणीत आवाजाचा खरा उपयोग पट्टेवाल्याला. सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल असा पुकारा करणं ही त्याची नोकरीच आहे, आणि त्याला निवृत्तिवेतन असतं. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून लागले, पुढे कायद्याची पदवी घेतली, पोलीस उपनिरीक्षक झाले, २००३ मध्ये मुख्यमंत्री आणि २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्री. कोणत्याही करिअर मार्गदर्शनात ही वाट सांगितली जात नाही.

पोटापाण्याची सगळ्यात भरवशाची वाट मात्र कोर्टातून जातच नाही. ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून जाते. बँका कर्ज देण्याआधी वकिलाकडून मिळकतीचा सर्च रिपोर्ट मागतात, तीस वर्षांचा. ज्या वकिलाचं नाव बँकेच्या पॅनेलवर लागलं त्याच्या घरचे निवांत झोपतात. हा माणूस चलन भरून बसतो आणि तीस वर्षांचे इंडेक्स टू एकामागून एक चाळतो. मग सातबारा, मग फेरफार. बाहेरून बघणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटतं. प्रत्यक्षात तो कादंबरी वाचत असतो. १९९६ मध्ये वडील वारले, वारसनोंद झाली, तीन भाऊ कब्जेदार सदरात आणि दोन बहिणी ‘इतर अधिकार’ सदरात. १९९९ मध्ये सोसायटीचा बोजा. २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क देणारी दुरुस्ती दिल्लीत झाली, आणि २००६ च्या ऑगस्टात थोरल्या बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदलेलं दिसतं. तारीख बघावी तर राखीपौर्णिमेच्या आठवड्यातली. धाकटीनं सही केलेली नाही. तिथं सर्चवाला वकील थांबतो, चष्मा पुसतो आणि स्वतःशी म्हणतो, ‘ही शहाणी.’ खाली चतुःसीमा असते : पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गायरान, दक्षिणेस सख्ख्या भावाची जमीन. ओढ्याकडून कधी दावा येत नाही. एवढा सगळा वग वाचून झाल्यावर त्याला बँकेला लिहून द्यायचं असतं ते एकच वाक्य, की टायटल क्लिअर अँड मार्केटेबल आहे किंवा नाही. धाकटीबद्दल तो ‘नाही’ लिहितो आणि त्या रात्री थोरल्या भावाचा फोन येतो.

दुसरी भरवशाची वाट कोर्टाच्या फाटकाबाहेर, छत्रीखाली. नोटरी. १९५२ च्या कायद्याप्रमाणे नोटरी व्हायला सर्वसाधारण उमेदवाराला दहा वर्षांची वकिली लागते. दहा वर्षं बोलायचा सराव केल्यावर माणसाला एक शिक्का, एक रजिस्टर आणि लाल चकत्यांची गुंडाळी मिळते आणि बोलायचं काम संपतं. त्याचा दिवसभराचा शब्दसंग्रह ‘आधार’, ‘इथं’, ‘इथं पण’ आणि ‘पुढचे’ असा चार शब्दांचा. टेबलासमोरच्या रांगेत सगळा महाराष्ट्र उभा असतो. एकाला बारावीनंतर वर्ष वाया गेल्याचं गॅपचं ॲफिडेव्हिट हवं असतं. वर्ष का गेलं याचं कारण तिथं ‘घरगुती अडचण’ असं लिहितात, क्रिकेट लिहीत नाहीत. एकाच्या दाखल्यावर दत्तात्रय, आधारवर दत्तात्रेय, सातबाऱ्यावर दत्तू आणि पासबुकात डी. आर. असतं. हे चौघे एकच आहेत असं त्यानं शपथेवर सांगायचं आणि नोटरीनं शिक्का मारायचा. दत्तसंप्रदायात तीन मुखांचा एक देह मानतात. महसूल खात्यात चार झालेत. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टँप जाऊन पाचशेचा आला, तेव्हापासून रांगेतले लोक आपलं नाव नीट लिहायला शिकायला लागलेत म्हणतात.

भाड्याच्या घराचा करारही याच परिसरात होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा. तरी घरमालक अकराच महिन्यांचा करतात. का, असं विचारलं तर ‘पूर्वीपासून’ म्हणतात.

आता न्यायाधीशपद. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग असं त्या पदाचं पूर्ण नाव. लग्नपत्रिकेत ते दोन ओळी घेतं, म्हणून सगळे जेएमएफसी म्हणतात. लोकसेवा आयोगाची परीक्षा : पूर्व शंभर गुणांची, मुख्य दोनशेची, मुलाखत पन्नासची. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये या परीक्षेसाठी पोरं-पोरी कलमं अशी पाठ करतात की झोपेत कुणी ‘ऑर्डर सात रूल’ म्हणालं तर ‘अकरा’ असं उत्तर येतं. २० मे २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचे, यांच्या पीठानं निकाल दिला की आधी तीन वर्षं वकिली करा, मग या परीक्षेला बसा. आणि किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र आणा, त्यावर मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचा शेराही घ्या. २००२ मध्ये ही अट काढली होती, ती परत आली. अभ्यासिकांत त्या रात्री शांतता होती, ती नेहमीच असते, पण या वेळी पंखे पण हळू फिरल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशीपासून सीनिअर लोकांचे भाव वधारले. प्रमाणपत्र ज्याच्या हातात त्याला वीस हजारांची आठवण कोण करून देणार?

सरकारी वकिलीची वाट टीव्हीमुळे फार उजळ दिसते. जळगावचे उज्ज्वल निकम १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यापासून २६/११ च्या कसाब खटल्यापर्यंत कॅमेऱ्यांपुढे आले आणि पुढे राज्यसभेत गेले, तेव्हापासून निम्म्या पालकांना सरकारी वकील म्हणजे हेच असं वाटतं. ज्यांना उरलेलं नव्व्याण्णव टक्के काम बघायचंय त्यांनी चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) बघावा. त्यात गीतांजली कुलकर्णींनी साकारलेली सरकारी वकील कायद्यातली लांबच्या लांब कलमं भाजीची यादी वाचावी तशी वाचते, संपलं की वाटेत मुलाला घेते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. खलनायिका नाही, नायिका नाही. उद्या परत बोर्ड आहे.

या मंडळींचं ओझं १ जुलै २०२४ पासून दुप्पट झालंय. दंडसंहिता जाऊन न्याय संहिता आली, पण आधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्यानं चालतात, त्यामुळे दोन्ही पुस्तकं बगलेत. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याचा गुन्हा आहे. म्हणजे एखाद्याला ‘तुझ्यावर तीनशे दोन लागेल’ असं म्हणावं तर आधी त्यानं काय केलंय ते विचारावं लागतं. सगळ्यात मोठं नुकसान चारसोबीसांचं. फसवणूक आता ३१८ (४) मध्ये गेली, आणि नव्या संहितेत कलमंच ३५८ असल्यामुळे गाडी ४२० पर्यंत पोचत नाही. शिव्यांच्या जगातला इतका जुना आणि रुळलेला आकडा संसदेनं एका झटक्यात बेघर केला. जुनं कलम-नवं कलम असे तक्ते छापणाऱ्यांचं मात्र त्या पावसाळ्यात भलं झालं.

कंपनीत ‘लीगल’ला लागणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगायचं तर पगार वेळेवर होतो आणि सनद स्थगित ठेवावी लागते, कारण पूर्ण वेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. कोट कपाटात जातो. पुढचं आयुष्य करारातला ‘शॅल’ खोडून ‘मे’ करण्यात आणि समोरच्या कंपनीच्या वकिलानं तो ‘मे’ खोडून परत ‘शॅल’ करण्यात जातं. दोघं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात; आवाज ऐकलेला नसतो.

बौद्धिक संपदा ही नवी, झकपक वाट. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीचे मॉडेल कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला घालून चालले आणि इकडे सगळा महाराष्ट्र अंगठ्याला ठेच लागल्यासारखा कळवळला. सहा वकिलांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. बाजू मांडण्याची अशी संधी वकिलाला जन्मात एकदा मिळते. न्यायालयानं विचारलं, चपला तुमच्या का? भौगोलिक मानांकनाची नोंद महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. दुखलं असेल तर ती येतील. याचिका जुलैत फेटाळली गेली. नोंदणीच्या रजिस्टरात ज्याचं नाव, त्याचा आवाज. बाकीच्यांनी चप्पल घालून घरी जायचं.

कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळी, आणि हसू न येणारी. १८६६ मध्ये नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा. आणि बाई म्हणून इथल्या न्यायालयांत उभं राहायची परवानगी नाही. १९०४ मध्ये सरकारनं त्यांच्यासाठी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये एक जागा काढली. पडद्यातल्या ज्या जमीनदारणींना पुरुष वकिलापुढे येता येत नव्हतं, त्यांच्या इस्टेटीची कामं त्या घरात जाऊन बघत. वीस वर्षांच्या आसपास हे चाललं. स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा १९२३ मध्ये आला, तेव्हा त्यांनी साठीकडे तोंड केलं होतं. बोलायला मिळत नाही म्हणून जे आजचे ज्युनिअर कुरकुर करतात, त्यांच्या हातात निदान बॅग तरी कोर्टातली आहे.

अशाच एका ज्युनिअरच्या आईनं परवा हट्ट धरला, मला तुझं कोर्ट बघायचंय. इतके दिवस बोलतोस ते बघू दे तरी. त्यानं खूप टाळलं, बाई ऐकेनात. ठेवणीतली साडी नेसून, सोबत शेजारच्या काकूंना घेऊन, त्या अकरा वाजता मागच्या बाकावर येऊन बसल्या. साडेतीनपर्यंत बसल्या. दरम्यान पट्टेवाला दोनदा ‘मोबाइल बंद करा’ म्हणाला, तेव्हा काकूंनी पिशवीतून फोन काढून तो आणखी एकदा वाजवला. साडेतीनला पुकारा झाला. मुलगा उठला, कोटाचं बटण लावलं, बँड सरळ केला आणि म्हणाला, ‘साहेब, से दाखल करायचाय, मुदत मिळावी.’ साहेबांनी वर न बघता विचारलं, ‘शेवटची?’ मुलगा म्हणाला, ‘हो साहेब.’ रोजनाम्यात पुढची तारीख पडली आणि पुढचं काम पुकारलं गेलं.

जिना उतरताना मुलाला तोंड कुठं लपवावं कळेना. काकूंचं मात्र आईशी बोलणं चाललं होतं. त्या म्हणत होत्या, ‘मघाशी तो पांढऱ्या केसांचा वकील पाऊण तास घसा फोडत होता, त्याला काही दिलं का बाई साहेबांनी? आपल्या पोरानं नुसतं मागितलं आणि लग्गेच दिलं की हो!’

‘मग,’ आई म्हणाली, ‘लहानपणापासून तसाच आहे तो. मोजकं बोलतो.’